मठाचं कूळ

"उम्म समीर, संन्याशांना मुलं कशी झाली?"

भर मीटिंगमध्ये अबू फहद यांनी मला हा प्रश्न विचारला. टेबलाभोवतीचे सगळे लगेच आपापल्या कहव्याच्या कपात पाहू लागले.

अबू फहद म्हणजे सौदीतल्या हुफूफ इथल्या आमच्या खजूर कारखान्याचे मालक. उम्म समीर म्हणजे मी. इथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे अन्वी, ईशान, तुमचा बाबा मेलबर्नला बसून या ऑफिसात प्रसिद्ध आहे.

तुम्ही मला फोनवर नेहमी विचारता, "आजी, तू एक्झॅक्टली करतेस काय?" आता सांगते. बाटलीवर जे इंग्रजी छापलं जातं ते मी लिहिते. त्याला लेबल कॉपी म्हणतात. शिवाय ज्यांच्याशी आमचा कारखाना व्यवहार करणार, त्यांची प्रॉव्हेनन्स मी तपासते. प्रॉव्हेनन्स म्हणजे मालाची जन्मकथा. तो कुठे पिकला, कुणी केला, कुणाकडून कुणाकडे आला. कथा खरी असेल तर माल चांगल्या दुकानात जातो. खोटी निघाली तर माल परत येतो आणि कथा लिहिणारी बाई घरी जाते.

आमचा मुख्य माल डिब्स. उसाची काकवी असते ना, तशी ही खजुराची काकवी. इतकी वर्षं आमचा डिब्स मोठमोठ्या ड्रममध्ये भरून बाहेर जायचा. पलीकडे कुणीतरी तो बाटल्यांत भरून स्वतःच्या नावाने विकायचा. आपल्या डिब्सच्या बाटलीवर आपलं नाव असावं, ही अबू फहद यांची फार जुनी इच्छा. ते बोलून दाखवत नसत. पण परदेशातून कुणी बाटली आणली की ती उलटीपालटी करून पाहत, चष्मा काढत आणि म्हणत, "यात मी आहे. फक्त दिसत नाही."

ती इच्छा पुरी करणारे लोक आम्हाला इटलीत सापडले होते. द्राक्षमळेवालं एक घराणं. पुष्कळ शतकांपूर्वी एका मठातल्या साधूंनी तो मळा लावला होता. मुख्य धंदा वाइनचा. पण जोडीला ते द्राक्षाचा ताजा रस आटवून घट्ट पाकही करतात. तिकडे त्याला साबा म्हणतात. साबा म्हणजे द्राक्षाची काकवी, एवढं लक्षात ठेवा. करार असा होता की त्यांचा साबा आम्ही इकडे विकायचा आणि आमचा डिब्स त्यांनी तिकडच्या दुकानांत ठेवायचा. आमच्या बाटलीत, आमच्या नावाने.

तुम्ही म्हणाल, सौदीत वाइनवाल्यांशी करार? मलाही वाटलं होतं की गाडी तिथेच अडणार. नाही अडली. साबा ते वेगळ्या घरात, वेगळ्या भांड्यांत करतात. लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आला. त्यांच्या वाइनशी आमचा संबंध नाही, असं कलम पडलं. अवघड घाट उतरलो म्हणून मी निर्धास्त होते. आणि गाडी अडली ती सपाट रस्त्यावर, 'फादर' या शब्दापाशी.

त्यांच्या इंग्रजी माहितीपत्रकात लिहिलं होतं की हा मळा 'द फादर्स' यांनी लावला आणि आम्ही त्या फादर्सचे वारस आहोत. अरबी भाषांतर उस्ताज सामींनी केलं. सामी इजिप्तचे, भाषेचे पक्के, फक्त घाईचे. त्यांनी फादर्सचं 'आबा' केलं. अरबीत आबा म्हणजे बापजादे. ते वाचून अबू फहद खूश झाले. कित्येक शतकं बापाकडून मुलाकडे आलेला मळा! इथे वंशाला फार मान असतो. त्यांनी लगेच सहीचा दिवस ठरवला, इटलीहून मालकीणबाईंना बोलावून घेतलं. त्या हुफूफला येऊन हॉटेलात उतरल्यासुद्धा. आणि सहीच्या आदल्या दिवशी अबू फहद यांनी माहितीपत्रकातला फोटो नीट पाहिला. डोक्याचा मध्य भादरलेले, झगे घातलेले पुरुष ओळीने उभे होते.

"हे कोण?" त्यांनी सामींना विचारलं.

"रुहबान. मठातले साधू. लग्न करत नाहीत."

"आणि हे आबा आबा लिहिलंय ते कोण?"

सामींनी पान पाहिलं. फोटो पाहिला. "तेच," ते म्हणाले.

त्यानंतर तो प्रश्न माझ्यावर आला.

"फादर म्हणजे बाप, अहो मादाम," सामी माझ्याकडे वळून म्हणाले. "बापाला बाप नाही म्हणायचं तर काय काका म्हणायचं?"

"बाप एक असतो, सामी," अबू फहद म्हणाले. "इथे रांग लागलीय."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. अबू फहद हसले नाहीत. "माझी बाटली त्यांच्या बाटलीशेजारी उभी राहणार. शेजारी कुणाचा कोण, हे मला माहीत नको? एक तर हे लोक खोटं बोलतायत, नाहीतर त्या साधूंनी भलतंच काही केलंय. दोन्ही मला चालणार नाही. उद्या बाई येतील. कहवा पाजीन, खजूर देईन. सही करणार नाही. खलास."

भाषांतराची चूक सामींची होती, ती दोन मिनिटांत दुरुस्त होण्यासारखी. पण 'वारस' हा शब्द सामींचा नव्हता. तो मूळ इंग्रजीतच होता. साधूला वारस कसा? ते मी विचारायला हवं होतं, कारण तेच माझं काम. मी उठले आणि म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत मला वेळ द्या. त्यांचे आजोबा कोण ते मी शोधून आणते."

"आणा," अबू फहद म्हणाले. "पण झगेवाले नकोत."

मालकीणबाईंच्या हॉटेलवर मला सोडायला इक्बालभाई आले. ते आमचं डिस्पॅच सांभाळतात. मूळचे राजापूरकडचे. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारा हा एकच माणूस, त्यामुळे मला टोमणेही मराठीत मिळतात.

"वैनी, साधूबुवांची पोरं शोधायला निघालात म्हणे?"

"बातमी तुमच्यापर्यंत आली वाटतं."

"बातमी पॅकिंगपर्यंत गेली. तिथून गेटवर गेली. वॉचमन मला विचारतो, साधू किती आणि पोरं किती." त्यांनी गाडी सुरू केली. "मस्करी जाऊ द्या. मला एवढंच सांगा, नव्या बाटल्यांचे खोके उघडू की ड्रम धुवायला टाकू?"

"ड्रमांना हात लावू नका."

"मालक तर खलास म्हणाले."

"खलास खजुराची जात पण असते, इक्बालभाई. चांगल्यातली."

"वा! हे तुम्ही त्यांना सांगा, मी दारात उभा राहून ऐकतो."

रस्त्याने मला एक म्हण सारखी आठवत होती. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. आणि मी नेमकं तेच विचारायला चालले होते. कूळ, कूळ असं मनात घोळवता घोळवता मला एकदम चिपळूणचं आमचं घर दिसलं. माझे वडील वकील होते. त्यांच्याकडे येणारे निम्मे अशील जमिनीच्या वादाचे असत. एका बाजूला खोत किंवा देवस्थानचे पंच, दुसऱ्या बाजूला कूळ. त्या ओसरीवर कूळ या शब्दाचा अर्थ वंश नव्हताच. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, पीक काढून मालकाला त्याचा वाटा देणारा. मराठीत घराण्यालाही कूळ म्हणतात आणि त्यालाही कूळच म्हणतात. लहानपणी मी याचा घोळ करायची. आई 'चांगल्या कुळातली मुलगी' म्हणाली की मला वाटायचं, हिच्या बापाची केस आपल्याकडे आहे.

मठ होता. मठाची जमीन होती. साधू दिवसभर प्रार्थना करणार. मग जमीन कसत कोण होतं?

मालकीणबाईंचं नाव लुचिया. वयाने तुमच्या आत्याएवढी. उंच, नीटनेटकी आणि काळजीत पडलेली, कारण दुपारचा कारखाना पाहण्याचा कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप तिला पोचला होता. हॉटेलच्या लॉबीत आम्ही बसलो. मी तिला सरळ सांगितलं की वारस या शब्दावर सही अडली आहे.

"पण आम्ही वारसच आहोत," ती म्हणाली. "आध्यात्मिक अर्थाने. परंपरेचे वारस. मूल्यांचे."

वडील म्हणायचे, साक्षीदार मोठाले शब्द वापरायला लागला की त्याच्याकडे एक लहान शब्द असतो आणि तो त्याला बोलायचा नसतो.

"लुचिया, मी साधं विचारते. मठाच्या मळ्यात वेली कोण छाटायचं?"

ती पर्सचा पट्टा नीट करू लागली.

"द्राक्षं कोण तोडायचं?"

"आम्ही," ती म्हणाली. मग घाईने, "पण ते माहितीपत्रकात घालायचं नाही. आमच्या मार्केटिंगच्या माणसाने सांगितलंय, लोकांना मठ आवडतो, मजूर आवडत नाहीत."

"पगारावर होतात की वाट्यावर?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "वाट्यावर. निम्मं मठाचं, निम्मं आमचं. आमच्याकडे त्याला शब्दच आहे, मेझ्झाद्री. निम्मेवाले."

"आमच्याकडे अर्धेली म्हणतात," मी म्हटलं. "माझे वडील असल्याच लोकांच्या केसेस लढवायचे."

त्यानंतर ती मोकळी झाली. पुढे सरकारने मठ बंद केले, जमिनी विकायला काढल्या. मळा शहरातल्या एका श्रीमंताने घेतला. हिचं घराणं तिथेच राबत राहिलं, आधी साधूंच्या हाताखाली, मग त्याच्या. मग त्याच्या मुलांना शेतीचा कंटाळा आला आणि हिच्या पणजोबांनी एकेक तुकडा करून मळा विकत घेतला. साधू गेले, श्रीमंत गेला, कसणारे राहिले.

"आणि साबा?" मी विचारलं. "ती कृती तरी साधूंची आहे ना? तुमच्या लेबलवर तसं आहे."

लुचियाने मान खाली घातली. "नाही. वाइन साधूंची होती. साबा आमचा. गरिबाच्या घरात साखर कुठली? आपल्या वाट्याची द्राक्षं घरी आणायची, रस काढायचा आणि त्याच दिवशी चुलीवर चढवायचा. माझ्या आजीची आजी तसाच करायची. मठात साबा कधी झालाच नाही."

मी खुर्चीत ताठ बसले. आम्ही जो माल विकणार होतो तो वाइनच्या घरात कधी जन्मलाच नव्हता. तो कुळांच्या चुलीवरचा होता. या बाईंनी आपल्याजवळची सगळ्यात चांगली गोष्ट झाकून ठेवली होती आणि जी गोष्ट आम्हाला सगळ्यात नको, ती पुढे मांडली होती.

"हे उद्या सांग," मी म्हटलं.

"त्यांना? एवढ्या मोठ्या माणसासमोर मी सांगू की आम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होतो? ते मला दारातून परत पाठवतील."

"आताही तेच करणार आहेत."

"तुम्हीच लिहा ना तसं. मी फक्त मान हलवीन."

"मी तसं लिहीत नाही. मालक स्वतःच्या तोंडाने बोलला नाही, तर माझ्याकडून लेबलवर एक अक्षरही जात नाही. माझ्या भाषेत घराण्याला जो शब्द आहे तोच दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही आहे. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नाही. तू विचार कर."

"करते," ती म्हणाली. होय म्हणाली नाही.

मी ऑफिसात परतले. सामी माझी वाटच पाहत होते, रुसून. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, अर्धेलीला अरबीत काय म्हणाल? ते आधी 'शेतमजूर' या अर्थाचा शब्द सांगायला लागले, मग मध्येच थांबले. "द्राक्षवेली होत्या ना? गहू नाही, भाजी नाही. वेली. त्या लोकांनी राखायच्या, पाणी घालायचं आणि फळात वाटा घ्यायचा?"

"हो."

"अहो मादाम, याला तर आमच्याकडे कायद्यातला नेमका शब्द आहे! मुसाकात. खजुराच्या बागांना लागतो, द्राक्षांना लागतो. या गावातल्या पोरासोरांना माहीत असेल." त्यांचा रुसवा गेला. "आणि मठाची जमीन म्हणजे काय?"

"देवस्थानची असते तशी. कुणा एकाची नाही, विकायची नाही, उत्पन्न धर्मकार्याला."

"म्हणजे वक्फसारखी. वक्फसारखी म्हणा हां, वक्फ म्हणू नका. मला एकदाच शिव्या खायच्या होत्या, त्या खाऊन झाल्या."

अशी आमची वाक्यं तयार झाली. पण लुचिया बोलली नसती तर ती तशीच फाडावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. अबू फहद यांनी म्हटल्याप्रमाणे कहवा दिला, खजूर दिले. खजुराची चौकशी झाली, प्रवासाची झाली, इटलीतल्या थंडीची झाली. मग ते थांबले. इथे पाहुण्याला 'नाही' म्हणायची वेळ आली की यजमान असाच थांबतो.

लुचियाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. साक्षीदाराकडे वकिलाने पाहायचं नसतं.

"माझ्या माहितीपत्रकात एक शब्द चुकीचा आहे," ती म्हणाली. "आम्ही त्या साधूंचे वारस नाही. आम्ही त्यांच्या वेली राखत होतो."

सामींनी भाषांतर केलं. मुसाकात हा शब्द त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला की टेबलाच्या टोकाचा अकाउंटंटसुद्धा वर पाहू लागला.

अबू फहद पुढे झुकले. "वाटा किती?"

"निम्मा."

"निम्मा!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "हे साधू म्हणायचे की संत? माझ्या आजोबांना तर निम्मा स्वप्नातसुद्धा मिळाला नाही!"

अबू फहद यांचे आजोबा बागवाले होते एवढंच आम्हाला माहीत होतं. ते दुसऱ्याच्या बागेचे बागवाले होते, हे आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.

"वक्फची बाग होती," ते म्हणाले. "खजुरीची झाडं आमची नव्हती. झाडांवर चढणारे पाय आमचे होते." मग ते एकदम धंद्यावर आले. "तुम्ही पाक शिजवता का? आम्ही शिजवत नाही. खजूर एकावर एक रचतो, आपल्याच वजनाने तो डिब्स सोडतो."

"आम्हाला शिजवावाच लागतो," लुचिया म्हणाली. "आणि थांबून चालत नाही. रस राहिला तर फसफसायला लागतो, त्याची वाइन होते."

"फसफसला तर? फेकता?"

"माझी आजी म्हणायची, चुलीवर चढला तो आमचा, फसफसला तो मठाचा."

सामी भाषांतर करता करता स्वतःच हसायला लागले आणि वाक्य अर्धवट राहिलं. अबू फहद यांनी त्यांना दटावलं, "पुरं करा!" त्यांनी पुरं केलं. त्यानंतर अबू फहद असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "फसफसला तो मठाचा! उम्म समीर, हे लिहा. लेबलवर नको. पण कुठेतरी लिहा."

म्हणून इथे लिहिलं आहे.

सही झाली. सही करून ते दोघे डिब्सच्या खोलीत गेले आणि दुपारच्या नमाजापर्यंत बाहेर आले नाहीत. मधे एकदा मी डोकावले. लुचिया बोटावर डिब्सचा थेंब घेऊन त्याची तार पाहत होती. अबू फहद डोकं हलवून, तसं नाही, असं, म्हणून दाखवत होते. सामी दोघांच्या मधे उभे होते आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

मी बाहेर आले तर इक्बालभाई दारात होते, म्हटल्याप्रमाणे.

"वैनी, सापडली का पोरं?"

"पोरं नव्हतीच. कुळं होती."

ते कोकणातले. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. "मग साधूबुवा सुटले म्हणायचे," असं म्हणून ते खोके उघडायला निघून गेले.

साब्याचं लेबल मी त्याच आठवड्यात नवं लिहिलं. वारस काढला. मठ एकदाच आला, जमिनीचा मालक म्हणून. घराणं आलं ते वेली राखणारं म्हणून. लुचियाने मजकूर वाचला आणि तिच्या मार्केटिंगच्या माणसाला न विचारता मंजूर केला. आता हीच कथा ती इटलीतही सांगते आणि तिथल्या लोकांना मठापेक्षा ती जास्त आवडते, असं तिने मला कळवलं आहे.

आमचा डिब्सही गेला. दमामच्या बंदरावरून, बाटल्यांत, अबू फहद यांच्या घराण्याच्या नावाने. पण जाण्याआधी एक काम निघालं. आमच्या लेबलवर आधीपासून एक ओळ होती, 'पिढ्यान्‌पिढ्यांचे बागमालक'. ती कुणी लिहिली ते आता कुणालाच सांगता येत नाही. प्रूफ सहीसाठी गेलं आणि त्या ओळीवर जाड रेघ मारून परत आलं. अबू फहद स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"मालक काढा," ते म्हणाले. "माझे आजोबा लिहा. खजुरीच्या झाडांना पाणी घालायचे, असं लिहा."

"नाव घालू?"

"नावच घाला. आधी नाव."

प्रूफ बदललं, नवी लेबलं छापली, माल उशिरा निघाला. उशिराबद्दल त्यांनी कुणाला बोल लावला नाही. पुढे इटलीतल्या एका दुकानाचा फोटो आला. फळीवर आमची बाटली आणि शेजारी त्यांची. अबू फहद यांनी तो फोटो मोठा करून मागवला आणि पाहुण्यांच्या खोलीत लावला. जो येतो त्याला ते आधी आजोबांचं नाव वाचून दाखवतात, मग कहवा देतात.

माझ्या धंद्यापुरतं सांगायचं तर ऋषीचं कूळ जरूर विचारावं. फक्त ऋषीला विचारू नये. त्याची जमीन कोण कसत होतं ते शोधावं आणि त्याला विचारावं.